रजेबाहेरचा संसार

नियम एकच. मागं जायचं ते फक्त अशा दिवशी, ज्या दिवशी तुम्ही घरी नव्हतात. रजेतले दिवस तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्यांत पुन्हा जाऊन हाती काय लागणार? आणि रणांगणावर तर मुळीच जायचं नाही. लढायांवर पुस्तकं निघाली, पदकं वाटून झाली, दर २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात तुम्हाला खुर्चीवर बसवून त्यावर भाषणंही होतात. घरच्या दिवसांवर कुणी भाषण करत नाही.

तुम्ही कोण, ते आधी ठरवू. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हवालदार. वय ऐंशीला टेकलंय, गुडघे कुरकुरतात, कान मात्र अजून बिगुलाचे. गाव सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत. इंग्रज सरकारनं त्यांच्या नावानं गावात स्मारक उभारलं, आणि गावाला जोडलेला 'मिलिटरी' हा शब्द पुढं कुणी काढला नाही, कारण पोरं भरतीला जायची थांबलीच नाहीत. बायको सांगली जिल्ह्यातली, तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. तुम्हाला नाव देत नाही. तुमच्यासारखी माणसं या पट्ट्यात आळीआळीला आहेत, आणि ही हकिकत त्यांच्या घरांतून थोडी थोडी गोळा केलेली आहे.

आता हिशेब. १९६४ साली भरती, १९८६ साली घरी. सालाना रजा दोन महिन्यांची. बावीस वर्षांचे चव्वेचाळीस महिने, म्हणजे चार वर्षंसुद्धा भरत नाहीत. वर किरकोळ रजा. त्यातले कितीतरी दिवस रेल्वेच्या डब्यात गेलेले. तरी पारावर कुणी विचारलं की "हवालदार, संसार कसा झाला?", तर तुम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणता, "झकास झाला." थाप नाही ती. झकासच झाला. फक्त त्यातला मोठा भाग तुमच्या पाठीमागं झाला. तोच बघायला निघायचंय.

डिसेंबर १९६७. लग्नाला सात महिने झालेत. तुम्ही उत्तरेत, सरहद्दीजवळच्या एका छावणीत आहात. म्हणजे त्या वेळचे तुम्ही. आत्ताचे तुम्ही आपल्याच घराच्या ओसरीवर उभे आहात आणि कुणाला दिसत नाही. तारीख ११, पहाटेचे चार वाजून गेलेत. माजघरात आई घोरतेय. तुमचे वडील, तात्या, ओसरीच्या कोपऱ्यात वाकळेत गुरफटलेले. एकोणीस वर्षांची नवी सून स्वयंपाकघराच्या दाराशी पटकूर अंथरून झोपलीय. थंडी अशी की गोठ्यातल्या बैलांच्या नाकातून वाफ निघतेय.

आधी आवाज येतो. जमिनीखालून ट्रक जावा तसा. मग मांडणीवरची पितळेची भांडी थरथरतात, एक तांब्या घरंगळतो, आणि पुढच्या श्वासाला सगळी मांडणी खाली. कौलं सटासट घसरतात. "बाहीर! बाहीर पळा समदी!" तात्यांचा आवाज. आई धडपडत अंगणात. सून तिच्या मागं. बैलांनी दावी तोडलीत. सगळे खळ्यात जमतात, अंधारात एकमेकांना चाचपतात, आणि तेवढ्यात सून वळून पुन्हा घरात पळते.

तुम्ही हात पुढं करता. हाताला काही लागत नाही.

गोठ्याच्या आतल्या खणात आठ दिवसांचं वासरू बांधलेलं होतं. तेवढ्यासाठी ती गेली. वासराला छातीशी धरून ती बाहेर येते, तेव्हा मागं आढ्याचं एक लाकूड करकरत खाली उतरतं. तात्या आधी कडाडतात, "खुळी हायस का तू?" मग वासरू तिच्या हातातून घेतात आणि डोक्यावरचा फेटा सोडून तिच्या खांद्यावर टाकतात. सासऱ्यानं सुनेला फेटा द्यायचा, हे त्या गावात त्याआधी कुणी पाहिलं नसेल.

कोयनानगरला त्या पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, घरं भुईसपाट झाली. तुमच्या गावात भिंतींना भेगा पडल्या आणि महिनाभर लोक उघड्यावर झोपले. तुम्हाला छावणीत रेडिओवर 'सातारा जिल्हा' एवढे दोन शब्द ऐकू आले आणि जेवण गेलं नाही. पंधराएक दिवसांनी आंतरदेशीय पत्र आलं. तात्यांनी सांगितलेलं, मास्तरांनी लिहिलेलं: इकडे भूकंप झाला, सर्व खुशाल, काळजी नसावी. वासराबद्दल अक्षर नाही.

पत्रांचं इथंच सांगून टाकतो. त्या काळी जवानानं बायकोला वेगळं पत्र लिहिणं म्हणजे गावभर चर्चा. पत्र जायचं ते वडिलांच्या नावे, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' या थाटात. त्यात बायकोसाठी जागाच नसायची. तिनं न्हाणीच्या पाण्यावर शेवग्याचं एक रोप लावलं होतं. तुम्ही प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायला लागलात, 'शेवग्यास पाणी घालत जावे. शेवगा कसा आहे ते कळवावे.' पत्र मोठ्यानं वाचलं जायचं, आणि सून भाकरी थापता थापता मान खाली घालायची. तात्यांना कधी उमगलं नाही. "ह्याला शेवग्याचं एवढं काय पडलंय?" ते मास्तरांना विचारायचे. मास्तरांना उमगलं होतं. ते उत्तरात स्वतःच्या पदरचं लिहायचे, 'शेवगा उत्तम आहे. पालवी फुटली आहे.' १९६९ साली थोरला झाला, तेव्हा मास्तरांनी शेवग्याला शेंग धरल्याचं कळवलं होतं.

पुढचा मुक्काम तासगाव तालुका. पुन्हा डिसेंबर, पुन्हा ११ तारीख, साल १९७१. या तारखेला तुमच्या घराशी काय वैर होतं कोण जाणे.

तुम्ही जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठात. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडं जमालपूरला. शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला पाकिस्तानी अधिकाऱ्यानं कागदात गोळी गुंडाळून उत्तर दिलं होतं. कर्नल ब्रार यांच्या पलटणीनं वाट अडवून धरली, रात्रीत फुटून निघालेली शिबंदी तुमच्या मशीनगनांवर येऊन आदळली आणि सकाळी जमालपूर पडलं. मोठी लढाई, पलटणीच्या मानचिन्हांत तिचं नाव आहे. पण आपण तिकडं जायचं नाही असं ठरलंय.

इकडं या. बायको दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगी झालीय, महिन्याची. बाजेखाली शेगडी, खोलीत ओव्याचा धूर, कोनाड्यात अळिवाच्या लाडवांचा डबा. उंबऱ्याबाहेर ट्रान्झिस्टर ठेवलाय आणि तो गप्प आहे. का गप्प आहे, ते मेव्हण्याला माहीत आहे. याच तालुक्यातल्या मणेराजुरीचा पांडुरंग साळुंखे पंजाबच्या आघाडीवर पडला. १५ मराठातला शिपाई. पुढं त्याला मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पण ते पुढचं. आत्ता तालुक्यात फक्त कुजबुज आहे, आणि 'मराठा' म्हटलं की पलटण कुठली हे बायाबापड्यांना कळत नाही. बाळंतिणीच्या कानावर काही पडू नये म्हणून मेव्हण्यानं ट्रान्झिस्टरचे सेल काढून कणगीत लपवलेत. "सेल संपल्यात, अक्के. बाजारच्या दिवशी आनतो."

ती काही बोलत नाही. मेव्हणा शेतात गेल्यावर ती उठते, ट्रान्झिस्टर उचलते, हातावर तोलून बघते आणि मागचं झाकण उघडते. रिकामं. संपलेले सेल कुणी काढून ठेवत नाही, ते तसेच आत राहतात. तेवढ्यावरून तिला समजायचं ते समजतं. ती झाकण लावते, ट्रान्झिस्टर होता तिथं ठेवते आणि पोरीला पाजायला घेते. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली, गावात गुलाल उधळला, सेल परत आले. तेव्हाही तिनं भावाला विचारलं नाही. जानेवारीत तुमचं पत्र पोचलं: 'मी खुशाल आहे. इकडे थंडी फार आहे. मुलीचे नाव काय ठेवले ते कळवावे.' थंडी फार आहे! जमालपूरहून आलेल्या माणसाला लिहायला एवढंच सुचलं.

म्हणजे लपवाछपवी दोन्हीकडून चालू होती. ती वासरू लपवायची, तुम्ही मशीनगन. आजकाल नवराबायकोनं एकमेकांना सगळं सांगावं असा सल्ला सर्रास मिळतो. चांगला असेलही. पण ज्या पत्राला पोचायला पंधरा दिवस लागतात, त्यात भीती भरून पाठवली तर ती उतरवून घ्यायला समोर कोण असतं? मला तरी त्या दोघांचं बरोबर वाटतं.

१९७३ चा उन्हाळा. हा मुक्काम लहान आहे. बहात्तरचा दुष्काळ तासगाव, जत, आटपाडी, माण, खटावला उभा जाळत सुटलाय. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडणारे हात. तासगाव तालुक्यातल्याच विसापूरच्या वि. स. पागे यांनी 'मागेल त्याला काम' ही कल्पना आधी आपल्या गावात करून पाहिली होती. पुढं तिची रोजगार हमी योजना झाली. तुमचा मेव्हणा, ज्यानं सेल लपवले होते तोच, पाझर तलावावर पाट्या टाकतोय. अपशिंग्यात तुमच्या घरी मात्र दर महिन्याला पोस्टमन येतो. मनिऑर्डर तात्यांच्या नावे, कुपनावर दोन ओळी. दुष्काळात ज्याच्या घरी मनिऑर्डर येते, त्याच्याच घरातली भांडणं कमी असतात. संसाराच्या सुखात स्वभावाचा वाटा किती आणि पगाराचा किती, हे सांगताना माणसं स्वभावाला झुकतं माप देतात. तुम्ही देऊ नका.

तात्या पैसे मोजतात. त्यातले वीस रुपये बाजूला काढतात. सुनेला हाक मारतात. "तुज्या भावाला धाड. पोस्टात म्याच जातो." ती उंबऱ्यातच उभी. "मामंजी, ह्यास्नी..." "त्याला लिवू नगंस. उगं मनाला लावून घील." खांद्यावर पंचा टाकून म्हातारा उन्हात निघतो. तुमच्याच पैशांतून तुमच्या सासुरवाडीला मनिऑर्डर गेली, आणि ती पाठवणारा तुमचा बाप. तुम्हाला हे कळलं ते तेरा वर्षांनी.

आता नियम मोडू. कारण बेळगावला गेल्याशिवाय ही सफर अपुरी राहील, आणि बेळगावला तुम्ही घरीच होतात.

१९७६ ते १९७८. रेजिमेंटल सेंटरला उस्ताद म्हणून बदली आणि फॅमिली क्वार्टर. दोन खोल्या, पुढं वीतभर पडवी, मागं सामाईक नळ. साताऱ्याहून एसटीनं बिऱ्हाड आलं: काळी ट्रंक, जातं, आणि हट्टानं बरोबर आणलेली शेवग्याची फांदी. शेजारी एका बाजूला रत्नागिरीकडचे नाईक, दुसऱ्या बाजूला कानडी बोलणारे लान्सनाईक. शेजारणीच्या माशांच्या वासानं पहिले चार दिवस बायकोनं नाकाला पदर लावला. पाचव्या दिवशी तिनं तिरफळं मागून आणली. महिन्याभरात तिला 'ऊट आयता' म्हणायला यायला लागलं. रविवारी मिलिटरी महादेवाला जायचं, परतताना पोरांना कुंदा, आणि महिन्यातून एकदा खडेबाजारातून काहीतरी जे खरं तर लागत नव्हतं.

पडवीत बसा आणि बघा. पहाटे बिगुल वाजतो, त्यावर तुम्ही उठता. दुसऱ्या बिगुलावर पोरं दात घासतात. थोरला सात वर्षांचा. एका रात्री जेवताना तुमच्या ध्यानात येतं की तो डाव्या हातानं घास घेतोय. "हा डावरा कवापास्नं झाला?" तुम्ही विचारता. बायको हसून पदर तोंडाला लावते. "जलमल्यापास्नं." पाच वर्षांची पोर झोपेत बोलते, तेही तुम्हाला तिथंच कळतं. ती झोपेत कोंबड्यांना हाकलते. तुम्ही कंदील बारीक करून ऐकत बसता. दोन महिन्यांच्या रजेत अशा गोष्टी कळत नाहीत. रजेत पोरं पाहुण्यासारखी वागतात, आणि बापही.

एका सकाळी बायको डबा घेऊन मैदानाच्या कडेला येते आणि पहिल्यांदा तुम्हाला कवायत घेताना बघते. तुमच्यासमोर साठ रंगरूट. तुमच्या एका आवाजावर साठ टाचा आपटतात. संध्याकाळी ती बराच वेळ गप्प असते. मग म्हणते, "आवो, घरात तुमच्या तोंडातनं सबूद निघत न्हाई, आन् तितं केवढ्यांदा वरडता! ती पोरं आयबापाची लाडकी आसतील की." दुसऱ्या दिवशी तुम्ही तितक्याच मोठ्यानं ओरडता. त्या रविवारी मात्र दोन रंगरूट तुमच्या पडवीत बसून पिठलं-भाकरी खातात. एक जतचा, एक खटावचा. पुढं दर रविवारी कुणी ना कुणी असतंच. उस्ताद कडक आहे पण वहिनी आईसारखी आहे, असं त्या तुकडीत बोललं जायचं.

अशी अडीच वर्षं. पुढं पलटणीत परत, बिऱ्हाड परत गावाला. आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ कुठला, असं तुम्हाला विचारलं तर लोकांना वाटतं तुम्ही जमालपूर म्हणाल. तुम्ही म्हणता, बेळगावचं क्वार्टर.

रजेचंही एक पान उलटू या. एसटीतून उतरलात की पहिला भेटणारा विचारतो, "कवा आलासा?" आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत, "आन् जानार कवा?" सातारा-सांगलीच्या प्रत्येक फौजीनं हे दोन प्रश्न जोडीनं ऐकलेत. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण तुमची पोरगी लहान असताना तिनं एकदा पोस्टमनला उत्तर दिलं होतं: "आमचं आण्णा जानारच न्हाईत." त्या वेळी तुम्ही परड्यात ट्रंकेचं कुलूप लावत होतात.

१९८६. हा नियमाचा आणखी एक भंग. फेब्रुवारीत तुम्ही कायमचे घरी आलात. हार घातले, पेढे वाटले, गावजेवण झालं. साताऱ्यातल्या कंदी पेढ्यांचे रिकामे पुडे अजून फडताळात आहेत. आठ दिवस गेले आणि घरात खरी लढाई सुरू झाली.

तुम्ही पहाटे पाचला सगळ्यांना उठवता. वाकळांच्या घड्या चौकोनी नाहीत म्हणून परत घालायला लावता. चपला एका रेषेत हव्यात. न्हाणीजवळची बादली उजवीकडं हवी. थोरला कॉलेजात, त्याच्या केसांवरून नजर फिरवून तुम्ही न्हाव्याला निरोप धाडता. धाकटी दहावीला. पोरांनी तुमचं नाव 'उस्ताद' ठेवलंय आणि ते तुम्हाला सोडून सगळ्या गावाला ठाऊक आहे. तात्या असते तर त्यांनीच तुम्हाला आवरलं असतं; पण तात्या दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही तुम्ही तेराव्यालाच पोचला होतात.

एका सकाळी तुम्ही बायकोला विचारता, घरखर्चाचा हिशेब कुणाकडं आहे. ती चुलीपुढून उठते, फडताळातून शंभर पानी वह्यांचा गठ्ठा काढते, तुमच्यापुढं ठेवते आणि म्हणते, "बगा. पन ही पलटण न्हवं. हितं एकोणीस वर्सं कमांडर म्या हाय."

आवाज चढलेला नाही. तुम्ही वह्या उघडता.

पेन्सिलीचं अक्षर, चौथी पास बाईचं. प्रत्येक मनिऑर्डरची तारीख, रक्कम, खाली खर्च. विहीर दोन पुरुष खोल नेली. गाय विकली, म्हैस घेतली. आत्याबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मिरजेला. थोरल्याची फी. आणि १९७३ च्या पानावर: 'भावास २० रु. मामंजींनी दिले.' पुढं आणखी तीन महिने तीच नोंद. १९८१ मध्ये, 'ओढ्याकडचे २० गुंठे, खरेदी. ह्यांना रजेत सांगू.' त्या रजेत तिनं सांगितलं असणार. तुम्हाला आठवत नाही. तुम्ही त्या शेताला अकरा वर्षं 'तात्यांनी घेतलेलं' म्हणत होतात.

पाचच वर्षं झाली होती त्या खरेदीला, असं म्हणाल. बरोबर. वह्या वाचून झाल्यावरही तुमच्या तोंडी आणखी सहा वर्षं 'तात्यांनी घेतलेलं'च होतं. सवय. एक दिवस पारावर तुम्ही तसं म्हणालात आणि शेजारचे म्हातारे सुभेदार म्हणाले, "हवालदार, त्या खरेदीला साक्षीदार मी होतो. पैसं वैनीनं मोजलं." त्यानंतर तुम्ही सुधारलात. चपला मात्र अजून रेषेत लागतात.

मधली वर्षं भरभर जाऊ देत. साताऱ्यात एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन पहारा, मुलाची नोकरी, मुलीचं सांगलीत लग्न, नातवंडं, २००३ नंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, कॅन्टीनची रांग, 'वन रँक वन पेन्शन'ची थकबाकी. सगळं रीतसर.

शेवटचा मुक्काम ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर चढलंय. २००५ चा पूर मागं पडला. मुलीचं घर सांगलीत, नदीकडच्या भागात. रस्ते बंद व्हायच्या आधी जावयानं गाडी काढली आणि विटा, पुसेसावळी, रहिमतपूर असा वळसा घालून ते सगळे रात्री अपशिंग्यात आले. मुलगी, जावई, तिचे सासू-सासरे, दोन पोरं आणि पिंजऱ्यात एक पोपट. मुलाचं बिऱ्हाडही पुण्याहून आलेलं. घरात पंधरा माणसं. टीव्हीवर बोटी, बोटींत जवान, आणि तुमचा नातू प्रत्येक जवानाकडं बोट करून विचारतो, "आबा, हा मराठाचा का?"

सांगलीच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. विहीणबाई पदरानं डोळे पुसतायत. तुमची बायको, आता एकाहत्तर वर्षांची, त्यांच्यापुढं चहाची बशी सरकवते आणि म्हणते, "भिताड पडलं तर बांदता येतं, विहीणबाई. मानसं हायती न्हवं समदी?" मग पहिल्यांदाच, अर्ध्या शतकानंतर, ती भूकंपाच्या पहाटेचं वासरू सांगते. पंधरा माणसं ऐकतात. तुम्हीही ऐकता. आईनं मरायच्या आधी तुम्हाला त्यातलं थोडंसं सांगितलं होतं. फेट्याचं सांगितलं नव्हतं. मग पोरगी हसत सेलांचं सांगते, मामाकडून ऐकलेलं. मग सगळे तुमच्याकडं बघतात, आता तुमची पाळी म्हणून. तुम्ही जमालपूरच्या रात्रीचं सांगता, तीन-चार वाक्यांत, मशीनगन सोडून. बायको मध्येच म्हणते, "आन् लिवलं काय व्हतं? थंडी फार हाय!" सगळं घर हसतं. पूर ओसरेपर्यंत ते दिवस, बेळगाव सोडलं तर, या घरातले सगळ्यात भरलेले दिवस होते. पुराच्या दिवसांना चांगलं म्हणू नये, पण तसं झालं खरं.

सफर इथं संपते. तुम्ही आता तुम्ही आहात, हवालदार नाही. पण तुमच्या घरात, शेजारात, नात्यात सातारा-सांगलीकडचा एखादा म्हातारा फौजी असणारच, आणि त्याच्या फडताळात एक पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि एक डिस्चार्ज बुक. ती दोन्ही काढा आणि त्यात बायकोचं नाव बघा. लग्नात नाव बदललेलं, कारकुनानं इंग्रजीत भलतंच लिहिलेलं, जन्मतारीख अंदाजे टाकलेली, आधारवर तिसरंच काही. ज्या बाईनं घर चालवलं तिचं नाव सरकारी कागदावर धड नसतं, आणि फौजी गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिला याच एका अक्षरावरून खेटे घालावे लागतात. दुरुस्ती फौजी हयात असताना सोपी असते. सातारा आणि सांगली, दोन्हीकडं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्ज कसा करायचा ते तिथं सांगतात, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. या आठवड्यात जा, आणि दोघांनाही बरोबर न्या.